घरचीच गाडी ऑटोक्रॉसला नेताना: आधी, मधे आणि परत आल्यावर काय बघायचं? (नाशिककरांसाठी)

सातपूर_सेकंडशिफ्ट

पावसाळा सरला की मुरुमाच्या मैदानांवर ऑटोक्रॉसची, म्हणजे आखलेल्या वळणावळणाच्या वाटेवर एकेका गाडीची वेळ मोजायच्या शर्यतीची, गडबड सुरू होते. आपल्याकडे उतरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गाडी तीच असते, सोमवारी ऑफिसला जाणारी. म्हणून हा धागा दोघांसाठी: शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी आणि नुसती गाडी नीट ठेवायची आहे त्यांच्यासाठी.

सुरुवात मॅन्युअलपासून. सर्व्हिसच्या तक्त्याजवळ बहुतेक मॅन्युअलमध्ये 'कठीण वापर' असा दुसरा तक्ता असतो. तो कोणी वाचत नाही. त्यात काय येतं ते बघा: धुळीचे रस्ते, चढ-उतार, इंजिन गरम व्हायच्या आत संपणाऱ्या छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास चालू इंजिन. आता कॉलेज रोड ते द्वारका रोज जाणारी, महिन्यातून एकदा कसारा घाट उतरणारी आणि सुट्टीत निफाडकडच्या शेतरस्त्याला जाणारी गाडी कुठल्या तक्त्यात बसते? म्हणजे 'मी काही रेस करत नाही' म्हणणाऱ्यालाही त्यातला बराच भाग लागू आहे. शर्यतवाला त्याच झिजेपर्यंत लवकर पोचतो, एवढाच फरक.

ज्याला जे नीट माहीत आहे ते त्याने लिहावं. आकड्यांसकट.

दहाचा_पाना

मी ब्रेक ऑइलवर लिहितो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तेच.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. टाकीचं झाकण बंद असलं तरी रबरी नळ्यांमधून आणि सीलमधून ओल आत जातेच. डॉट ३, ४ ही ब्रेक ऑइलच्या प्रतीची नावं, डब्यावर असतात. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ होत थेट खाली जातं. दोन वर्षांनी बदला, घाटात नेहमी जाणं असेल तर वर्षाने. ऑटोक्रॉस किंवा ट्रॅकला जाणार असाल तर हंगामाआधी डॉट ४ किंवा ५.१ भरा. नुसतं डॉट ५ घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाही. नावात साम्य आहे, म्हणून दुकानात डबा वाचूनच घ्या.

करायचं कसं:

साधारण हॅचबॅकला एक लिटर घ्या, अर्ध्याहून थोडं जास्त लागेल. सीलबंद बाटलीच घ्या, गेल्या वर्षीची उघडी उरलेली नको. सिरिंजने टाकीतलं जुनं ऑइल काढा, नवं भरा. मग चाकांकडे. साधा क्रम असा की मास्टर सिलिंडरपासून (पेडलने ऑइल ढकलणारा, टाकीखालचा पंप) सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तिथे मॅन्युअलचंच ऐका.

चाकाजवळ ऑइल बाहेर काढायचा जो छोटा पोकळ स्क्रू असतो तो निपल, त्याला बहुधा ८ किंवा १० चा रिंग पाना बसतो. पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. आतला माणूस पेडल दाबून धरतो, बाहेरचा निपल पाव फेरा सैल करतो, ऑइल येतं, निपल आवळतो, मगच 'सोड' म्हणतो. क्रम चुकला, म्हणजे निपल उघडा असताना पेडल सुटलं, तर हवा आत. नळीतून स्वच्छ फिकट ऑइल येईपर्यंत चालू ठेवा आणि दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. टाकी रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी जात नाही तिथे गंज आणि मळ साठतो, सील तिथे घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम भागतं. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो.

क्लचप्लेट

छान. दोन शंका. एबीएस असलेल्या गाडीत हे घरी करता येतं का? आणि निपल किती आवळायचा? आमच्याकडे एका गॅरेजात तुटलेला बघितलाय.

दहाचा_पाना

ताई, नुसतं ऑइल बदलायचं असेल तर एबीएस असूनही याच पद्धतीने होतं. मॉड्यूलमध्ये हवा शिरली असेल, म्हणजे पाइप उघडला किंवा टाकी रिकामी झाली असेल, तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो.

निपल लहान आणि पोकळ असतो, त्याला १० न्यूटन-मीटरच्या आसपासच जोर लागतो. छोटा पाना, दोन बोटं, बस. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि ओपन पाना कधीच लावू नका, षट्‌कोन गोल होतो. काम झाल्यावर रबरी टोपी परत बसवा.

गड_ते_नांदुरी

दहाचा_पाना यांनी ऑइलचं लिहिलंच आहे, पण ब्रेक जातो दोन तऱ्हांनी, आणि पेडलवरून ओळखता येतं.

पेडल मऊ, खाली जातंय: ऑइल उकळलंय.
पेडल घट्ट, पण गाडी थांबत नाही: पॅड तापून त्यांची पकड गेलीय.

सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना जळका वास येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा दुसरा प्रकार असतो. चालक चौथ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. ब्रेक मारायचा तो ठाम, वेग खाली आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. हलका पाय सतत ठेवला की पॅडला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. ऑटोमॅटिकवाल्यांनी एल किंवा मॅन्युअल मोड वापरावा, तो त्यासाठीच आहे.

ट्रॅकवर किंवा मैदानावर फेरी संपल्यावर तापलेल्या चाकांना हँडब्रेक लावून गाडी उभी करू नका. मागे ड्रम असेल तर लायनर गरम ड्रमला चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला उटी, म्हणजे दगड किंवा ठोकळा, लावा. गरम डिस्कवर पाणी मारणं तर अजिबातच नको, डिस्क वाकडी होते किंवा तडकते.

सातपूर_सेकंडशिफ्ट

पॅड किती उरले की बदलायचे? लोक 'आवाज आला की' म्हणतात.

गड_ते_नांदुरी

रोजच्या वापरात ३ मिलिमीटर मसाला उरला की बदला. शर्यतीला जाताना निम्म्याहून कमी असेल तर नवेच घाला. पातळ पॅड उष्णता लवकर पुढे सरकवतो आणि ती थेट कॅलिपरमधल्या ऑइलकडे जाते. आतला आणि बाहेरचा दोन्ही पॅड बघा. एक जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या सरकपिना जाम आहेत. त्या साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चाकाचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पीन आणखी अडकते.

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. कॅलिपर-मापाने मोजा, त्याहून पातळ असेल तर लेथवर घासत बसू नका, टाका.

नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून थंड होऊ द्या. हे न करता थेट मैदानावर नेलं की पॅड चकचकीत होतो आणि करकरतो.

काळी_माती

धुळीवर कोणीच बोललं नाही अजून, आणि आपल्याकडचा खरा शत्रू तोच.

एअर फिल्टर कागदी असेल तर धुवायचा नाही. ठोकायचाही नाही, कागदाच्या घड्या फाटतात. कमी दाबाची हवा आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूकडून बाहेर मारा. उलटं केलं की धूळ कागदात आणखी रुतते. हे एखाद-दोन वेळाच करा, नंतर नवा. हॅचबॅकचा फिल्टर महाग नसतो, इंजिनाच्या रिंगा महाग असतात.

फिल्टरपेक्षाही महत्त्वाची त्याच्या कडेची रबरी पट्टी. फिल्टर काढल्यावर डब्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात, बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर कितीही नवा असो, हवा बाजूने पळतेय. कारणं तीन: डब्याच्या क्लिपा नीट न लागणं, स्वस्त फिल्टरची पट्टी आखूड असणं, पुढचा पाइप तडकणं. मैदानावरून आल्यावर दरवेळी हे बघा.

रेव्ह_हार्ड

कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवाय लागणारा शंकूसारखा एअर फिल्टर, लावला की प्रश्न मिटतो. हवा जास्त, धुऊन परत वापरता येतो.

काळी_माती

मिटत नाही दादा, वाढतो. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे मिळवलेलं तिथेच गेलं. मुरुमाच्या मैदानावर बारीक धूळ अडवण्यात कागद त्याच्यापेक्षा सरस. वर या फिल्टरला तेल लावावं लागतं, ते जास्त झालं की तेल एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडी अडखळते. डांबरी ट्रॅकसाठी बंद डब्यातला असेल तर वेगळी गोष्ट. मुरुमावर कंपनीचाच डबा आणि नवा कागदी फिल्टर.

रेव्ह_हार्ड

आवाज मात्र कोनचाच भारी :)

सातपूर_सेकंडशिफ्ट

आवाजाला गुण नसतात, वेळेला असतात.

आता इंजिन ऑइल. ग्रेड, म्हणजे ऑइल किती जाड-पातळ ते, मॅन्युअलमधलीच. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात 'आपल्याकडे ऊन फार' म्हणून २०डब्ल्यू-५० ओतू नका. नव्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा याच ऑइलच्या दाबावर चालते. जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं, गाडी थंडीत खडखडते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. बीएस६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर सी२ किंवा सी३ यापैकी मॅन्युअल सांगेल ते बघून घ्या.

१.२ लिटर पेट्रोल इंजिनांत फिल्टरसकट साधारण ३ ते ३.७ लिटर बसतं. काढताना गाडी कोमट असावी, फार गरम नको. ड्रेन नटचा वायसर दरवेळी नवा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. नट ३०-४० न्यूटन-मीटर, त्याहून जास्त ताकद लावली की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे जातात आणि मग खर्च हजारांत. फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का ते बघा. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर इंजिन चालू होताच ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर. नव्या रिंगला थोडं ऑइल लावा, हाताने फिरवून टेकवा, मग पाऊण फेरा. पाना लागत नाही.

ऑटोक्रॉसला जाताना ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीच्या वरच्या खुणेवर ठेवा. लांब वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं, पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. वळणात ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकला तरी फेरी सोडा. खुणेच्या वर भरणंही वाईटच. क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाने बेअरिंग वाचत नाहीत. पेट्रोलसुद्धा पाव टाकीच्या खाली नको, वळणावर पंप उघडा पडतो.

डिझेलवाल्यांनी पट्टीवर पातळी *वाढलेली* दिसली तर खूश होऊ नये. डीपीएफची सफाई अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल बदला आणि गाडी आठवड्यातून एकदा महामार्गावर वीस-तीस मिनिटं एकसारखी चालवा.

द्वारका_जाम

कुलंट. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालणाऱ्यांसाठी खास. पाण्यातला क्षार गरम भिंतींवर थर धरतो आणि मग नवा थर्मोस्टॅट टाकूनही काटा वरच. डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. तयार मिश्रणात परत पाणी घालू नका, डब्यावर लिहिलेलं असतं.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा कंपनीचा मामला आहे, आतलं रसायन वेगळं असू शकतं. दोन रसायनं मिसळून कधीकधी गाळ होतो. काय भरलंय माहीत नसेल तर सगळं काढून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नव्याने भरा. भरताना हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन चालू, वरचा पाइप गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत.

झाकण हा सुद्धा पार्ट आहे. ते दाब धरून ठेवतं म्हणून १.१ बारच्या चांगल्या झाकणाखाली निम्मं-निम्मं मिश्रण १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. रबर कडक झालं की दाब सुटतो आणि तेच मिश्रण १०७ च्या आसपास उकळायला लागतं. कसारा घाट चढताना काटा वर गेला तर एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला, इंजिन थंड होईपर्यंत झाकणाला हात नाही.

मैदानावरून आल्यावर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधे चिखल-पानं अडकतात. बारीक धारेने, इंजिनाच्या बाजूने बाहेर असं धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला की पाती मुडपतात.

स्टेपनी

टायर माझ्याकडे.

हवा थंड टायरमध्ये मोजा, आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर. टायरच्या भिंतीवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका. तापमान १० अंशांनी बदललं की सुमारे दीड पीएसआय फरक पडतो. म्हणजे नाशिकच्या डिसेंबरच्या पहाटे आणि दुपारी एकाच टायरचे दोन आकडे येणारच. नायट्रोजनसाठी पैसे द्यायचे तर द्या, हवेत तो तसाही ७८ टक्के असतो.

फेऱ्यांसाठी टायरच्या खांद्यावरची त्रिकोणी खूण शोधा आणि तिथून ट्रेडकडे खडूची रेघ ओढा. फेरीनंतर रेघ खुणेच्याही खाली, भिंतीपर्यंत पुसली गेली तर हवा कमी, खुणेच्या बरीच वर शाबूत राहिली तर जास्त. १-२ पीएसआयने बदला. परत निघताना रस्त्याची हवा भरायला विसरू नका.

कायद्याने ट्रेड किमान १.६ मिलिमीटर. इगतपुरीच्या पावसासाठी ३ च्या खाली मी ठेवणार नाही. टायरच्या भिंतीवर DOT शब्दापासून सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष, ३२२३ म्हणजे २०२३ चा ३२ वा आठवडा.

व्हील नट हा पंक्चरवाल्याच्या गनचा विषय नाही. गनने कधी १५० च्या वर जातात, स्टड ताणले जातात, कधी एक सैलच राहतो. चार नटांच्या हॅचबॅकला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. समोरासमोरचे, दोन टप्प्यांत, गाडी जमिनीवर टेकवून शेवटचा. आट्यांना ऑइल लावू नका, त्याच आकड्याला नट जास्त ताणला जातो. चाक काढल्यावर ५०-१०० किलोमीटरने परत तपासा. मैदानावर दर दोन फेऱ्यांनी.

क्लचप्लेट

सस्पेन्शनचं मी पुरवते, थोडक्यात. चाक उचला, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवा: टाय रॉड एंड. एक्सलच्या रबरी बुटाच्या घड्या हाताने उघडून बघा, चीर असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात. या वेळी नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं. पूर्ण वळणावर कटकट आवाज यायला लागला की जॉइंटच गेला.

चेंबर गार्डचे बोल्ट मुरुमावर सैल होतात. आणि एकदा दगड लागला की गार्ड वाकून चेंबरला टेकतो, पुढचा दगड थेट आत. काढून सरळ करा.

पॉलिसी_वाचा

विषय गाडीचाच आहे म्हणून लिहितो. खासगी कारच्या विमा पॉलिसीत 'वापराची मर्यादा' असा परिच्छेद असतो. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे त्यात वगळलेलं असतं. मैदानावर झालेलं नुकसान खिशातून. टो करून न्यायचे पैसेही बाजूला ठेवा.

रेव्ह_हार्ड

बॅटरीचं राहिलं. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने, मग व्हॅसलिन.

शर्यतीआधी गाडीच्या तपासणीच्या रांगेत पहिल्यांदा जाणाऱ्याला नेमकं काय बघतात ते कोणी सांगेल का?

सातपूर_सेकंडशिफ्ट

स्पर्धेचं नियमपत्रक आधी वाचा, गट बदलला की नियम बदलतात. सगळीकडे बघतात ते असं: बॅटरी हाताने हलते का, कुठून गळती आहे का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर झटक्यात परत येतो का, सीट बेल्ट नीट लागतात का, ब्रेकचं पेडल टणक आहे का, टो हुक लावलेला आहे का, हेल्मेट. अग्निशामक असेल तर तो धातूच्या ब्रॅकेटने फ्लोअरला बोल्ट केलेला हवा, सीटखाली लोळणारा चालत नाही. डिकी पूर्ण रिकामी: स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटली, गणपतीच्या मूर्तीखालचा चिकट पॅडसुद्धा. पायाखालचे मॅट काढा, पेडलखाली सरकतात.

सोबत पेटी वेगळी ठेवा: टॉर्क पाना, प्रेशर गेज, पायपंप, सीलबंद ब्रेक ऑइल, एक लिटर इंजिन ऑइल, डिस्टिल्ड पाणी, केबल टाय, खडू, घोड्या दोन. गेज स्वतःचंच ठेवा. पंपावरचं २-३ पीएसआय इकडेतिकडे दाखवतं, पण तुमचं तुम्हाला दरवेळी सारखंच चुकीचं सांगेल आणि तुलनेला तेवढं पुरतं.